साड्यांच्या भिंती

सांगलीतल्या एका झोपडपट्टीतल्या नव्या घरांचा नकाशा मी काढला होता. कागदावरचं घर सगळ्यांना कळत नाही, म्हणून आम्ही मोकळ्या जागेत बांबू रोवून, जुन्या साड्यांच्या भिंती लावून खऱ्या मापाचं घर उभं केलं. बायकांनी आत फिरून बघायचं, मग महापालिकेचे साहेब नकाशावर सही करणार. त्यांना पुढे साताऱ्याला जायचं होतं, ते सारखे घड्याळ बघत होते. माझ्या नकाशात चूक निघेल असं मला वाटलंच नव्हतं. गर्वाचं घर खाली म्हणतात ते उगाच नाही.

एक बाई अर्धांगवायू झालेल्या नवऱ्याला खांद्याचा आधार देत आत आली. संडासाकडे जाणारी वाट मी एका माणसापुरती ठेवली होती. ती दोघं शेजारी शेजारी तिच्यात शिरली, साडी फुगली आणि बांबू आडवा झाला.

“आज भिंत कापडाची हाय म्हणून सरकली, म्याडम. विटांची झाल्यावर ह्यास्नी न्यायचं कसं?”

एवढी साधी गोष्ट सुचली नाही याची मला लाज वाटली. खरं सांगायचं तर, साहेबांसमोर बोलली म्हणून तिचा रागही आला. वाट रुंद करायची तर प्रत्येक घरातली स्वयंपाकाची जागा वीतभर कमी होणार होती.

“सगळ्यांना मान्य असेल तर आत्ता बदला, नाहीतर पुढच्या बैठकीत,” साहेब म्हणाले. पुढची बैठक पावसाळ्यानंतर होती, आणि पावसाळ्यात इथं नदीचं पाणी घरात शिरतं.

“एकीपायी सगळ्यांचं आडवू नगा!” गर्दीतली एक ठसकेबाज बाई ओरडली. तिला कुणी गप्प केलं नाही. “चल, जाऊ घरला,” नवरा मान खाली घालून पुटपुटत होता.

मी बांबू उचलला आणि वीतभर पलीकडे रोवला. ओरडणारी बाई तरातरा आत आली, स्वयंपाकाच्या जागी फतकल मारून बसली आणि हवेतच भाकरी थापायला लागली.

“कोपर लागतंय,” ती म्हणाली. पुन्हा थापून बघितलं. मग त्या लुळ्या माणसाकडे पाहत राहिली.

“लागू दे. उद्या मलाबी आसंच धरून न्यावं लागंल.”

बाकीच्या बायकांनीही माना डोलावल्या.

“करा सई, सायेब,” ती म्हणाली.