वेडीचं सोंग

ओल्या काथ्याचा वास आला की मी अजून तिथून उठून जाते. मूल गेल्यावर धाकटी काकी बोलेनाशी झाली, तेव्हा ‘हिला भायेरचं लागलाय’ म्हणत भगताने तिला ओल्या काथ्याच्या दोराने ओटीवरच्या खांबाला बांधायला लावलं. त्या शिमग्याला मुरबाडजवळच्या आमच्या गावात एका गड्याने वेडीचं सोंग घेतलं; तोंडाला काजळ, फाटकं लुगडं, कमरेला काथ्याचा दोर. आमच्याच अंगणात तो काकीसारखा डोलू लागला नि सगळे खिदळले. कित्येक महिन्यांनी, खांबाला बांधलेल्या काकीने तोंड उघडलं, “सोडा रे त्याला, दोर काचतो.” हशा आणखीच उसळला. वडलांनी खूश होऊन सोंगाच्या झोळीत नारळ घातला. काल टीव्हीवरच्या वेडीला नातू हसला, तेव्हा मी टीव्ही बंद केला. “आजी, ॲक्टिंग आहे ती!” असेल. सोंगवालाही संध्याकाळी दोर सोडून घरी गेला होता.