मेमरीतला ड्राइव्ह

डॅलसजवळ अर्विंगला एका अपार्टमेंटमध्ये आम्ही तिघं राहायचो. दर शनिवारी दुपारी शेजारच्या बिल्डिंगमधल्या मराठी पोरांशी कॉम्प्युटरवर गोळीबाराची मॅच असायची. त्या टीममधून मला काढलं. काढणारा माझाच रूममेट, पुण्याचा (म्हणून आम्ही त्याला 'पुणे'च म्हणायचो), मोठ्या कॉलेजातला, महागडं तयार मशीन घेतलेला. "तुझ्या डब्यात मॅप उघडेपर्यंत आमची पहिली राऊंड संपते, यार. तू आपला बाहेरून बघ."

ते 'बाहेरून बघ' मी अजून विसरलेलो नाही.

माझं मशीन मी स्वतः जोडलं होतं, एकेका पार्टसाठी घासाघीस करून. मीही तसाच जोडत जोडत इथवर आलेलो. नागपूरला एका दुकानात प्रिंटर दुरुस्त करत शिकलो. मशीनला कुणी डबा म्हटलं की मलाच म्हटल्यासारखं लागायचं.

पण डोकं शांत झाल्यावर एक प्रश्न उरला. वेळ नक्की जातो कुठे? केसची बाजू उघडी ठेवून मी कान लावून बसलो. मॅप, म्हणजे खेळाचं मैदान, उघडायला लागला की हार्ड डिस्क कुरकुर करायची आणि तिचा दिवा थांबायचाच नाही. बाकी सगळं निवांत. म्हणजे बिचारं मशीन मंद नव्हतं, डिस्ककडून माल यायची वाट बघत होतं.

मग मी सिस्टिममध्ये हात घातला. मागे गुपचूप चालणाऱ्या एकेक गोष्टी बंद करून बघायच्या, काय बिघडतं ते पाहायचं. खिडक्यांची सजावट बंद केली, काही बिघडलं नाही. फाइल शोधण्याची सोय बंद केली, कुरकुर जरा कमी झाली. प्रिंटिंग बंद केलं तेव्हा दुसऱ्या रूममेटचे व्हिसाचे कागद अडकले आणि त्याने मला झाडलं. ते परत चालू केलं. फरक पडला, पण पुण्याला गाठण्याइतका नाही.

शेवटी इंटरनेटवर एका फोरमवर रॅम डिस्क सापडली. मेमरीचा एक तुकडा बाजूला काढायचा आणि सिस्टिमला सांगायचं, हा ड्राइव्ह आहे. गेमच्या फाइली त्यात टाकायच्या. फिरणारं काही नाही, कुरकुर नाही. खाली इशारा होता, वीज गेली की त्यातलं सगळं पुसलं जातं. मी मनात म्हटलं, इथे कुठे वीज जातेय! आणि पुढे वाचत गेलो.

मेमरी वाढवायला हवी होती. डॅलसमध्ये एका पार्किंग लॉटमध्ये जुन्या पार्टचा बाजार भरायचा, तिथे गेलो.

"टेस्ट केलीय?" मी विचारलं.

"केलीय," विकणारा म्हातारा म्हणाला.

"मग लावून दाखवा."

"इथे उन्हात वीज कुठून आणू?"

"म्हणजे माझ्यासाठी ती टेस्ट केलेली नाही. तसा भाव सांगा."

मी हललोच नाही. मागे रांग लागल्यावर त्याने मला हवा तो भाव दिला.

घरी येऊन मेमरी बसवली, फोरमवर सांगितलं होतं तसं केलं आणि 'माय कॉम्प्युटर'मध्ये एक नवा ड्राइव्ह दिसला. हात लावायला काही नाही, तरी फोल्डर उघडतंय, फाइल बसतेय! मी उगाच एकच फोटो त्यात टाकत आणि काढत बसलो. मग गेमला तिथून मॅप वाचायला लावला. डिस्कचा दिवा लागलासुद्धा नाही.

पुण्याशी ठरलं, शनिवारी सगळ्यांच्या आधी मॅपमध्ये शिरलो तर टीममध्ये. सकाळी फाइली कॉपी करून, मशीन चालू ठेवून आम्ही तिघं ग्रोसरीला गेलो. परत आलो तर स्क्रीन काळी. ड्राइव्ह गायब.

"कोणी बंद केलं?" मी ओरडलोच.

दुसऱ्या रूममेटची आई तेव्हा भारतातून आली होती. काकू किचनमधून म्हणाल्या, "मी केलं. बाहेर पडताना बटणं बंद करायची सवय नाही का तुम्हाला? त्या प्लगांच्या पट्टीवरचा लाल दिवा नुसता जळत होता."

काकूंवर कसा ओरडणार? दात आवळून मी परत कॉपी सुरू केली.

पुण्याने पकडलं. "अरे, हा कॉपीचा वेळ कोण धरणार? ही चीटिंग आहे."

"तू जेवायला बसतोस तेव्हा पोळ्या लाटायचा वेळ धरतोस?"

"बरोबर बोलतोय तो," काकू म्हणाल्या. "आयतं खाणाऱ्याला काय कळणार?"

पुणे आपल्या मशीनपुढे जाऊन बसला.

माझी कॉपी संपली आणि सगळ्यांनी एकदमच बटण दाबलं. मी आत होतो. एकटाच. बाकीच्यांच्या स्क्रीनवर अजून लोडिंगची पट्टी सरकत होती आणि मी रिकाम्या गल्लीत हिंडत होतो. इतके महिने खेळूनही ती गल्ली मी नीट पाहिलीच नव्हती. वर दोरीवर कपडे वाळत होते, एका दाराचा रंग उडालेला होता. गेममधलं चित्र कोणी कशाला एवढं बारीक रंगवलं असेल, म्हणून मी जवळ जाऊन बघत उभा राहिलो.

तेवढ्यात पुण्याचा गेममधला माणूस माझ्या मागे उगवला.

"बघत काय बसलायस? डावीकडून जा, मी पुलावरून येतो," तो ओरडला.

सॉरी त्याने तेव्हाही म्हटलं नाही आणि नंतरही नाही. मी डावीकडून गेलो.