हिरव्या डोळ्यांना तांब्याचा रंग

माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे, डोळे हिरवे होते. नुसते घारे म्हणतात तसले नव्हेत. उन्हात उभी राहिली की चिंचेच्या कोवळ्या पानासारखे दिसायचे. आमच्या घरात तसे डोळे दुसऱ्या कुणाचेच नव्हते. वडील कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर कामाला होते, आई शिवणकाम करायची, आणि आम्ही दोघी मंगळवार पेठेतल्या दोन खोल्यांत वाढलो. शाळेत तिला पोरं मांजरी म्हणायची. पुढे तिला बघायला पाहुणे यायला लागले, तेव्हा आत्या आधीच येऊन बजावून जायची की मान वर करायची नाही, विचारलं तेवढंच बोलायचं. आक्का खाली बघत पोहे द्यायची, पण कधीतरी नजर वर व्हायचीच. मग निरोप यायचा की पोरगी चांगली हाय, पण डोळ्याचं तेवढं जमत न्हाय.

बारावीनंतर मी राजारामपुरीतल्या एका पार्लरमध्ये शिकायला जाऊ लागले. नव्वदीच्या सुरुवातीचे दिवस होते ते. नवरीची साडी कुठल्याही रंगाची असो, पापणीवर निळा नाहीतर हिरवा आयशॅडो ठरलेला. आमच्या बाईंच्या डबीत हे दोन रंग तळाला गेलेले असायचे आणि तपकिरी रंगांना कुणी बोटही लावलेलं नसायचं.

घरी सरावाला आक्काच होती. डोळे हिरवे, तर रंगही हिरवाच शोभेल, असं मला वाटलं, म्हणून पहिल्यांदा मी तिला मोरपंखी लावला. तिचे डोळे पार विझून गेले. नुसता रंगच दिसत राहिला. निळा लावला तर ती आजारी दिसायला लागली. मग एकदा आईकडे विटकरी रंगाचं कापड शिवायला आलं होतं, ते आक्कानं सहज खांद्यावर टाकलं आणि मी बघतच राहिले. डोळ्यांतला हिरवा एकदम वर आला होता.

दुसऱ्या दिवशी बाईंना विचारून मी ते पडून राहिलेले रंग घरी आणले. आधी पापणीभर मातकट रंगाचा पातळ हात दिला. मधोमध तांब्याचा रंग बोटानं दाबून बसवला, बाहेरच्या कोपऱ्यात किंचित वांगी रंग लावला आणि ब्रशनं सगळ्या कडा एकमेकांत मिसळून टाकल्या. काळ्या काजळानं तिचे डोळे कोंडल्यासारखे व्हायचे, म्हणून तपकिरी पेन्सिल, तीही वरच्याच कडेला.

आक्का आरशात बघत बसली. मग म्हणाली, "माझं डोळं असं हाईत व्हय?"

"असंच हाईत की. पहिल्यापासनं."

पुढचं स्थळ मुरगूडचं होतं. मुलाचं खताचं दुकान होतं. त्या दिवशी मी तिला तोच रंग अगदी फिकट करून लावला आणि ती मान वर करून बाहेर गेली. आत्या स्वयंपाकघरात कपाळाला हात लावून बसली होती. मुलानं तिला एकच प्रश्न विचारला, दुकानात बसायला आवडेल का. ती आवडंल म्हणाली. आठवड्यात होकार आला. लग्नात तिला मीच सजवलं.

सुरुवातीची वर्षं बरी गेली. ती दुकानात बसायची, शेतकऱ्यांशी मोठ्यानं बोलायची, हसायची. मग तिच्या जावेला मुलगा झाला आणि बारशाआधीच तापानं गेला. बाळाला पहिल्यांदा आक्कानं मांडीवर घेतलं होतं, एवढं सासूला आठवलं. बाजारातून काळा गॉगल आणून तिनं आक्काच्या हातात दिला, घरातही काढायचा नाही म्हणाली. बाहेर सांगायचं ठरलं की हिच्या डोळ्यांना उजेड सोसत नाही. आक्काचं दुकानात बसणं बंद झालं. मी तिच्या नवऱ्याला, म्हणजे दाजींना, विचारलं, तर ते म्हणाले, आई म्हातारी आहे, चार दिवस ऐकून घ्यायचं. त्या चार दिवसांची वर्षं झाली. आक्का माहेरी यायची तेव्हा आमच्या बोळाच्या तोंडालाच गॉगल काढून पिशवीत टाकायची. इथंच राहा, असं मी कितीदा म्हणाले. दाजी वाईट नाहीत, असं म्हणून ती परत जायची.

लग्नानंतर खूप उशिरा तिला दिवस गेले. सातव्या महिन्यात डोहाळजेवण ठरलं आणि मी माझी पेटी घेऊन मुरगूडच्या एसटीत बसले. दिवस पावसाळ्याचे होते. पोचले तर आक्का वाळून गेलेली. अन्न ठरत नव्हतं, अंगाला खाज सुटत होती. एकेकीला शेवटपर्यंत असंच होतं, असं घरात सगळ्या म्हणत होत्या. बाहेर बायका जमायला लागल्या होत्या. आतल्या खोलीत फुलांचे दागिने सुपात ठेवले होते. आक्का म्हणाली, "आज तांब्याचा लाव. कोण बघंना का, मला ठावं असंल की."

मी दार लोटलं आणि तिचा गॉगल काढला.

डोळ्यांतला पांढरा भाग हळदीसारखा पिवळा झाला होता आणि मधला हिरवा त्यात गढूळ दिसत होता. बल्बचा उजेड असेल म्हणून मी तिला खिडकीशी नेलं. तिथं तर जास्तच दिसलं. ब्रश माझ्या हातातच होता. कधीपासून असं आहे, मी विचारलं. तिला ठाऊकच नव्हतं. तिनं आरशात बघणं कधीच सोडलं होतं.

मी दाजींना आत बोलावलं. त्यांनी बायकोचे डोळे दिवसाच्या उजेडात किती वर्षांनी बघितले असतील कोण जाणे. ते तसेच अनवाणी शेजारच्यांची जीप आणायला गेले. बाहेरची गाणी थांबली.

जीपमध्ये तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. कागलच्या पुढं आल्यावर ती म्हणाली, "रंग तेवढा राहिला बघ." त्यानंतर ती नीट असं काही बोलली नाही.

कोल्हापुरात डॉक्टरांनी सांगितलं, कावीळ आहे, गरोदरपणातली, आणि खूप पुढं गेली आहे. डोळे एवढे पिवळे होईपर्यंत घरात कुणाला दिसलं कसं नाही, असं त्यांनी विचारलं. सासू फरशीकडे बघत राहिली. दाजींनी तोंड फिरवलं. आधी बाळ गेलं, आणि दोन रात्रींनी आक्का.

वर्ष सरत आलं तेव्हा दाजी माझ्या पार्लरच्या दाराशी येऊन उभे राहिले. तोवर मी स्वतःचं छोटं पार्लर काढलं होतं. आत बायका होत्या, म्हणून ते पायरीवरच थांबले. त्यांच्या हातात लग्नाच्या अल्बममधून काढलेला फोटो होता. त्यात आक्का थेट कॅमेऱ्याकडे बघत होती. घरात आईनं तिचा मान खाली घातलेला फोटो लावलाय, ते म्हणाले, मला हा मोठा करायचाय. पण फोटो जुना झाला होता, रंग उडाले होते, आणि स्टुडिओवाल्यानं कॉम्प्युटरवर डोळे काळे केले होते. "रंग कसा हुता त्ये मला नीट सांगता येईना," दाजी म्हणाले. "तुम्ही चला."

मी पार्लर मदतनीस मुलीवर सोपवून त्यांच्याबरोबर गेले. स्टुडिओवाला रंग बदलत होता, मी सांगत होते. पोपटी नको. एवढा गडद नको. कडेला जरा तपकिरी, आत मोकळा हिरवा. पापणीवरचा तांब्याचा रंगही उडाला होता, तोही मी भरायला लावला. बराच वेळ गेला. शेवटी पडद्यावर आक्का आली. हेच, असं दाजीच म्हणाले.

तो फोटो त्यांनी खताच्या दुकानात लावला, गिऱ्हाईक आत आल्याबरोबर दिसेल असा. सासू त्यानंतर दुकानाची पायरी चढली नाही, असं कळलं. मी एकदाच जाऊन आले. दाजींनी चहा मागवला. आम्ही फोटोकडे पाठ करून बसलो आणि पावसाचं बोललो.