सावळीराम तात्यांची गोळी

विंचूरच्या टपरीवर चहा प्या, पण हरणाला कोणती गोळी लागते हे चुकूनही विचारू नका. आमचे सावळीराम तात्या सुरू होतात. मऊ टोकाची गोळी आत जाऊन फुलते, कडक टोकाची आरपार जाते, हे सगळं ज्ञान मोबाईलवरचं. शिकारीला बंदी आहे म्हणून, नाहीतर काळविटांची खैर नव्हती, असंही वर ऐकवतात. स्वतःची बंदूक पीक राखायची, नळीत दारू ठासायची. तिला असल्या गोळ्या चालतच नाहीत. तीही निवडणुकीत पोलीस ठाण्यात जमा केली, आणि हा शिकारी अजून परत आणायला गेलेला नाही.

परवा खरंच एक काळवीट त्यांच्या मक्यात शिरलं. तात्या बांधावर बसून वारा कुठला, अंतर किती, गोळी कोणती, हेच ठरवत राहिले. तोवर त्याने निवांत मका खाल्ला. शेवटी त्यांच्या बायकोने, कुसाबाईंनी, पायातली चप्पल भिरकावली, तसं ते उड्या मारत पळालं.

तात्या म्हणाले, "चप्पल हलकी पडली. जड पाहिजे होती."

"दुसरी अजून पायातच हाय," कुसाबाई म्हणाल्या. "जड हाय का हलकी, अंगावर घेऊन सांगा."