सही न झालेला करार

सुमेधा गायधनी यांनी सातपूरच्या कंपनीतली नोकरी सोडून नाशिकच्या लॉ कॉलेजात शिकवायला घेतलं, तेव्हा त्यांच्या भावाला ते मुळीच पटलं नाही. कंपनीत त्या परदेशी गिऱ्हाइकांशी करार ठरवत. जर्मन, तुर्की, ब्राझिलियन अशा सगळ्यांसमोर बसलेल्या. "वाटाघाटी काय शिकवायची गोष्ट आहे?" भाऊ म्हणाला होता. "ते अंगातच असावं लागतं." सुमेधाताईंना नेमकं तेच खोटं पाडायचं होतं.

नैरोबीच्या एका कॉलेजातल्या प्राध्यापिका वांजिरू यांच्याशी त्यांची एका परिषदेत गट्टी जमली आणि दोघींनी मिळून एक लुटुपुटूचा सौदा रचला. नाशिकची मुलं ठिबक सिंचनाचे व्हॉल्व्ह बनवणाऱ्या कारखान्याचे वकील, नैरोबीची मुलं तिथल्या विक्रेत्याचे. प्रत्येक बाजूला आपापल्या 'मालका'च्या गुप्त सूचना. बैठका स्क्रीनवर, इंग्रजीतून, सहामाहीभर.

यंदाच्या गटाची प्रमुख होती यशश्री, देवळाली कॅम्पच्या निवृत्त हवालदाराची मुलगी. तिच्या जोडीला श्रेयस, वादविवादाच्या ढालींनी घरचं कपाट भरलेला. पहिल्याच बैठकीत त्याने समोरच्यांचा एकेक मुद्दा असा फोडून काढला, की नैरोबीच्या मुलांनी नम्रपणे आभार मानले आणि बैठक संपवून टाकली.

"मॅडम, त्यांच्याकडे उत्तरच नव्हतं," श्रेयस खुशीत म्हणाला.

"हो, म्हणूनच उठून गेले ते. श्रेयस, इथे न्यायाधीश कुठे बसलाय, दाखव मला. तू पटवत होतास कोणाला?"

पुढच्या तासाला सुमेधाताईंनी त्याला नैरोबीचा विक्रेता व्हायला लावलं. बोलायला यशश्री समोर. तो भूमिकेत इतका शिरला, की यशश्री मेटाकुटीला आली. तास संपल्यावर तो सुमेधाताईंच्या टेबलापाशी आला.

"त्यांना माल अंगावर पडायची भीती आहे, मॅडम," तो म्हणाला. "मी उगाच त्यांना लबाड समजत होतो."

त्यानंतर तो भांडायचा कमी आणि विचारायचा जास्त. बैठका लांबू लागल्या, पण पुढे सरकू लागल्या.

शेवटच्या बैठकीला प्राचार्य देवरे स्वतः येऊन बसले. परदेशी कॉलेजबरोबर सही होणार म्हणून त्यांनी वर्तमानपत्राचा फोटोग्राफरही बोलावला होता. माल कधी पोचवायचा, खराब निघाला तर काय, वाद झाला तर लवाद कुठे, सगळं एकेक करून ठरत गेलं. मग नैरोबीकडून अट आली. दहा वर्षं पूर्व आफ्रिकेत तुमचा माल फक्त आमच्यामार्फतच विकायचा.

"चालेल," यशश्री म्हणाली. "पण मग दरवर्षी किमान किती माल उचलाल, ते लिहून द्या."

तशी हमी त्यांना देता येईना. त्याऐवजी त्यांनी भाव वाढवला. मालकाने मागितला होता त्याहूनही चांगला भाव. प्राचार्य खुर्चीत पुढे सरकले.

मागच्या रांगेत सुमेधाताईंनी हातातलं पेन घट्ट धरलं. दरवर्षी मुलं इथेच घसरत. सौदा त्यांनी आणि वांजिरूंनी मुद्दामच असा बेतला होता. हमीच्या मुद्द्यावर कोणालाच मागे सरकता येऊ नये आणि शेवटी गोड भाव पुढे यावा. सही झाली म्हणजे जिंकलो, असं समजून आजवरची प्रत्येक बॅच सही करून मोकळी झाली होती.

यशश्रीने थोडा वेळ मागून घेतला आणि माइक बंद केला. "भाव तर छान आहे," ती हळूच म्हणाली. "घ्यायचा?"

"घेतला तर दहा वर्षं कारखाना त्यांच्या मुठीत," श्रेयस म्हणाला. "त्यांनी एकही व्हॉल्व्ह उचलला नाही, तरी आपल्याला तिथे दुसऱ्या कोणाला विकता येणार नाही."

"म्हणजे उठायचं?"

"मला तरी तसंच वाटतं. पण प्रमुख तू आहेस."

यशश्रीने माइक चालू केला.

"आमच्या मालकांना तुमच्याबरोबर काम करायचं आहे," ती शांतपणे म्हणाली. "पण या अटीवर आज सही करता येणार नाही. जे ठरलंय ते लिहून ठेवू. खरेदीची हमी देता येईल तेव्हा कळवा, आम्ही पुन्हा बसू."

प्राचार्य मागे वळले. "मॅडम, हे काय झालं? आता फोटो कसला काढायचा?"

"ह्याचाच काढा, सर," सुमेधाताई म्हणाल्या आणि सौद्यातली मेख त्यांनी सगळ्यांसमोर उलगडून सांगितली. स्क्रीनवर वांजिरू टाळ्या वाजवत होत्या.

"म्हणजे आधीच्या सगळ्या बॅचेस...?" प्राचार्यांनी विचारलं.

"सगळ्यांनी कारखाना बुडवला होता, सर. उठायचं धाडस ह्यांनीच पहिल्यांदा केलं."

देवरे सरांनी यशश्रीकडे पाहिलं, मग श्रेयसकडे, आणि फोटोग्राफरला खूण केली.

कॉलेज सुटल्यावर पार्किंगमध्ये यशश्रीचे वडील स्कूटर घेऊन उभे होते. सुमेधाताईंना पाहून त्यांनी नमस्कार केला. "कशी काय आमची मुलगी, मॅडम? जमतंय ना तिला?"

पालकांसमोर मुलांचं कौतुक करायची सुमेधाताईंना सवय नव्हती. "तुमच्या मुलीने आज एक मोठा करार होऊ दिला नाही," त्या म्हणाल्या.

हवालदारांचा चेहरा उतरला. "नुकसान झालं का हो काही?"

"अहो, नाही. ऐका तर." गाडीची किल्ली पर्समध्ये टाकून सुमेधाताई तिथेच उभ्या राहिल्या आणि पहिल्या बैठकीपासून सगळं सांगायला लागल्या. यशश्री अवघडून मध्येच म्हणाली, "मॅडम, उशीर होतोय तुम्हाला." पण त्या थांबायला तयार नव्हत्या, आणि हवालदारांनीही स्कूटर पुन्हा स्टँडवर लावली होती.