मामाजींचं खाकरणं

जगात पाखरं बघायचा नाद असलेली जेवढी माणसं होऊन गेली असतील, त्या सगळ्यांत कमी पाखरं बघितलेला माणूस म्हणजे माझे मामेसासरे. सालेकशाच्या पुढे डोंगरात चढणाऱ्या घाटरस्त्याने ते दर पंधरवड्याला पाखरं बघायला जात. बारा वर्षं न चुकता जात होते, आणि त्या बारा वर्षांत जी काही पाखरं त्यांना दिसली ती बहुतेक उडून जाताना, मागून. एखाद्याला पाहुण्यांच्या नुसत्या पाठीच ओळखता याव्यात, तसं मामाजींचं झालं होतं. समोरून त्यांनी कावळा तरी नीट पाहिला होता की नाही, देव जाणे.

मामेसासरे म्हणजे आमच्या यांचे मामा. यांची आई लहानपणीच गेली, म्हणून मामा-मामींनीच यांना वाढवलं, आणि लग्न होऊन मी आले ती त्यांच्याच घरात. देश स्वतंत्र होऊन चार-पाच वर्षं झाली असतील. मी नागपूरची, मॅट्रिक पास, आणि मॅट्रिक झालेल्या मुलीला जेवढी अक्कल असते तिच्या चौपट असल्याच्या थाटात वावरणारी. ट्रंकेत पावडरचा डबा, दोन कादंबऱ्या आणि एक उन्हाचा चष्मा. आमगाव स्टेशनावर उतरताना मला वाटलं होतं, निदान टांगा तरी आला असेल. आली होती बैलगाडी. मी त्या गाडीत रुसून बसले आणि गाव येईपर्यंत रुसलेलीच राहिले. पण कोणाचं लक्षच नसल्यामुळे ते रुसणं फुकट गेलं. पाखरांपैकी मला चिमणी आणि कावळा ओळखता येत असे, त्यातही कावळा जास्त खात्रीने.

मामाजींच्या घराण्याचं काम पिढ्यान्‌पिढ्या तलावाचं. पणजोबांनी गावचा तलाव बांधला, आजोबांनी त्याची पाळ, म्हणजे मातीचा बांध, उंच केली, आणि मामाजींकडे ती राखण्याचं काम आलं. डोंगरातून जो नाला तलावात येतो त्यात दगड-झाडं अडकली तर नाही ना, हे बघायला म्हणून ते घाटात जात. हे घरी सांगायचं कारण. नाला बघायला त्यांना चिलीम ओढायला लागतो तेवढा वेळ पुरायचा. उरलेला दिवस पाखरांचा. पुस्तकातली नावं त्यांना ठाऊक नव्हती, म्हणून त्यांनी पाखरांना गावातल्या माणसांची नावं दिली होती. शेपटी ताणून तारेवर ऐटीत बसणारा कोतवाल म्हणजे आमचे पोलीस पाटील, आणि दिवसभर एकच सूर लावून धरणारा तांबट म्हणजे मामींची थोरली बहीण. मामींना हे कळल्यावर एक महिना ताकात मीठ पडलं नव्हतं.

पण मामाजींना पाखरं दिसत का नसत, त्याचं कारण होतं त्यांचं खाकरणं. आमच्या त्या घरात पुरुषमाणूस ओसरीवरून आत यायचा तो आधी खाकरून. तेवढ्यात आतल्या बायका डोक्यावर पदर घेत, पसारा आवरत, कोणी मुलाला पाजत बसली असेल तर पाठ फिरवत. मामाजींचं खाकरणं तर पाळीच्या पलीकडे ऐकू जाई. आणि हे सभ्य गृहस्थ जंगलातही प्रत्येक वळणावर थांबून खाकरत! घाटातलं वळण म्हणजे त्यांच्या लेखी कोणाच्या तरी घराचा उंबरठा. ते एकदा खाकरले की अख्खं झाड रिकामं होऊन फांद्या तेवढ्या हलत राहायच्या. घाटातल्या जंगलनाक्यावरचे नाकेदार हसले, मामी हसल्या, पण मामाजींचं उत्तर ठरलेलं. "लोकाच्या घरात न सांगता शिरायचं नसते. त्याहीच्यात बाया नसतीन काय? कोणी अंडे देऊन राहिली असन, कोणी पिलाले भरवून राहिली असन."

मी आले त्या वर्षी त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरू लागला होता. "डोऱ्यात दूध पडून राहिलं," म्हणायचे. दवाखान्यात डोळा कापतात हे ऐकून त्यांनी तो विषयच बंद करून टाकला. "देवानं बांधलेला तलाव हाये तो. त्याची पाळ कोन्या डॉक्टरले फोडू देऊ काय?" दुःख त्यांना एकाच गोष्टीचं होतं. दर जेठात, पावसाच्या तोंडावर, घाटात एक शीळ यायची, दोन सुरांची. पहिला चढता, दुसरा उतरता, जणू कोणी विचारतंय आणि कोणी तरी हो म्हणतंय. पावसाळाभर ती असायची, मग जायची. शीळ घालणाऱ्याला मामाजी 'पावना' म्हणत. बारा वर्षं ती शीळ ऐकली, पावना काही दिसला नाही. डोळे पुरते विझायच्या आत एकदा तो दिसावा, एवढंच त्यांचं मागणं. मामी म्हणाल्या, "मले घरी हजार कामं. ही नागपूरवाली रिकामी हाये, डोरेही ताजे हायेत. घेऊन जा हिले."

झालं. मॅट्रिकचा हा असा उपयोग होईल असं मला वाटलं नव्हतं. मोठी अडचण म्हणजे सुनेने सासऱ्याशी थेट बोलायचं नाही, आणि चालायचं ते दहा पावलं मागून, नाकापर्यंत पदर ओढून. म्हणजे ज्यांना दिसत नाही ते पुढे, आणि जिला दिसतं तिच्या डोळ्यांवर लुगडं! बोलायला मध्ये तिसरं कोणी हवं, म्हणून आम्ही बैलाच्या मार्फत बोलायचो. चढावर आम्ही दोघं पायी आणि बैल रिकामी गाडी ओढत मधोमध.

"धवऱ्या, विचार तिले, काई दिसून राहिलं काय?"

"धवऱ्या, मामाजींना सांग, उजव्या हाताच्या सागावर हललं काहीतरी."

"सांग तिले, ते पान असन."

धवऱ्या दोघांचं मुकाट्याने ऐकून घ्यायचा. त्याच्याइतका समजूतदार प्राणी मी नंतर आमच्या नात्यात पाहिला नाही.

चार फेऱ्या झाल्या, पावना दिसेना. माझ्या पायांना फोड, पोटात भूक, आणि डोक्यात कादंबरीचं अर्धवट राहिलेलं प्रकरण. पाचव्या फेरीला शीळ आली आणि मी पदराआडून सरळ ठोकून दिलं, "धवऱ्या, सांग मामाजींना, दिसला! अंग जांभळं, पंखाला पिवळी किनार, पोटावर पांढऱ्या बुंदक्या." मामाजी जागच्या जागी उभे राहिले. डोक्याचं पागोटं काढून त्यांनी झाडाला हात जोडले. मला तेव्हाही थोडं चुकल्यासारखं वाटलं, पण घरी लवकर जायला मिळणार म्हणून मी ते गिळलं.

संध्याकाळी अंगणात त्यांनी मामींना सगळं वर्णन केलं. जांभळं अंग, पिवळी किनार, पांढऱ्या बुंदक्या. मामींनी शांतपणे ऐकलं आणि दोरीकडे बोट दाखवलं. "हा पाहा तुमचा पावना. कालच धुतला, वाळून राहिला." दोरीवर माझं माहेरचं लुगडं फडफडत होतं.

मामाजी मला एक शब्द बोलले नाहीत. आधीही बोलत नव्हते म्हणा; पण न बोलण्यातही फरक असतो, तो मला त्या दिवशी कळला. पुढच्या फेरीत अर्धा घाट चढून झाला. मग हळूच म्हणाले, "धवऱ्या, सांग तिले. डोरे माहे गेले, तिचे त हायेत ना? मले खोटं कायले दाखवते? नाई दिसलं त नाई दिसलं म्हणावं." मी पदराच्या आत रडले. एवढी मोठी मॅट्रिक, पण बैलामार्फत माफी कशी मागतात ते मला येत नव्हतं. त्या दिवशी मी मनाशी ठरवलं, या माणसाला खरा पावना दाखवल्याशिवाय राहायचं नाही.

वर्ष गेलं. मामाजींना आता बैल आणि झाड यांतला फरक हलण्यावरून कळायचा. दुसऱ्या जेठात घाटात तेंदूची पानं तोडणारी एक म्हातारी गोंड बाई भेटली. मामाजी नाल्याकडे गेलेले. मी तिला शीळ वाजवून दाखवली. तशी ती तोंडाला पदर लावून हसली. "वर कायले पाहतेस वो बाई? ते त खाली चालते, कोंबडीवानी. पाला उकरते. रोज दिसते. पन तुमचा बुढा असा खोकते, त मले बी परून जावं वाटते!"

आता कोडं सुटलं, पण नवं पडलं. सासऱ्याला 'खाकरू नका' म्हणून सांगायचं कोणी? हा निरोप बैलामार्फतही पाठवता येण्यासारखा नव्हता. मामींकडे गेले तर त्या म्हणाल्या, "खाकरनं सोडवू नको वो. आज जंगलात सोडतीन, उद्या घरात न खाकरता शिरतीन. मंग?"

त्यानंतरच्या फेरीला सकाळी घाटात ढग उतरले होते. झाडांचे शेंडे दिसत नव्हते, नुसते बुंधे. बांबूच्या पानांवरून पाणी निथळत होतं. मी पहिल्यांदाच खाली बघत चालले होते. धवऱ्या दम घ्यायला थांबला. मामाजी पुढे, वळणाच्या तोंडाशी. आणि वळणापलीकडे, बांबूच्या बेटाखाली, ओला पाला उडाला. आखूड शेपटीचं, उभट चालीचं एक पाखरू दोन उड्या मारून रस्त्याच्या कडेला आलं. मामाजींचा हात गळ्याकडे गेला. छाती भरली. आता खाकरणार!

मी धावले. पदर कुठे गेला, मला ठाऊक नाही. उघड्या डोक्याने त्यांच्या पुढ्यात जाऊन मी दबक्या आवाजात म्हणाले, "मामाजी, खाकरू नका!"

मामाजींनी आलेला खोकला गिळला. गाल फुगले, कान लाल झाले, डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. अख्खा पावसाळा तलावाच्या एका पाळीने अडवून धरावा, तसा तो माणूस उभा राहिला. मी बोटाने दाखवलं. पाखरू उड्या मारत रस्ता ओलांडू लागलं, मधोमध थांबलं, मान मागे टाकली आणि आमच्यासमोर शीळ घातली. चढता सूर, उतरता सूर. मग पलीकडच्या पाल्यात शिरलं.

"हिरवं हाललं," मामाजी पुटपुटले. "निळं चमकलं. आन बुडाशी लाल. नाई काय?"

"हो मामाजी. अगदी तसंच."

"खरं सांगतेस?"

"खरं."

आणि मग तो अडवलेला खोकला सुटला. अख्खा घाट दणाणला. तो थांबल्यावर मामाजींना भान आलं, की आपण सुनेशी समोरासमोर बोललो, आणि तिच्या डोक्यावर पदर नाही. त्यांनी चटकन पाठ फिरवली आणि एकदा हळू, अगदी घरातल्यासारखं खाकरले. मी पदर घेतला. मग पाठमोरेच म्हणाले, "पोरी, घरी सांगू नको."

"पावना दिसला ते?"

"ते सांग ना! न खाकरता आत गेलो, ते सांगू नको."

मी आजवर सांगितलं नव्हतं. आता मामी नाहीत, म्हणून लिहिलं. त्यानंतर घाटात आम्ही थेट बोलायचो, आणि धवऱ्याला ते बहुधा आवडलं नसावं. घरी मात्र पूर्वीसारखंच, एकमेकांशी नाही, भिंतीशी बोलायचं. दोन-तीन वर्षांत मामाजींचे डोळे पूर्ण गेले, तरी जेठात गाडी निघायचीच. वळण आलं की ते थांबत. "तू पाहून घे पोरी. झालं काय पाहून? मंग मी खाकरतो."

पुढे नातीच्या पुस्तकात त्या पाखराचं नाव सापडलं, नवरंग. माझे दोन्ही मोतीबिंदू मी निमूटपणे कापून घेतले आहेत. घाटात आता डांबरी रस्ता आहे, आणि जेठात नातवंडं मला मोटारीतून घेऊन जातात. त्या वळणावर मी गाडी थांबवायला लावते. काच खाली करून बांबूच्या बेटाखाली नीट बघते. दिसला तर बघते, नाही दिसला तरी बघते. आणि मग खाकरते.

"आजी, पाणी देऊ का?" नात विचारते.

तिला काय सांगायचं! आत बायका असतील.