घरचं सांगायचं नाही

सल्ला द्यायचा म्हटला की माझ्या अंगात येतं. आजही येतं. फक्त आता दोन वाक्यं झाली की मी गप्प बसते, आणि समोरच्याला वाटतं हिचं काहीतरी बिनसलं.

त्याला कारण माझी एक मैत्रीण. एम.ए.ला आम्ही एका बाकावर होतो, नंतर इंदिरानगरच्या एका अभ्यासिकेत शेजारच्या खुर्च्यांवर. ती येवल्याची, पैठणी विणणाऱ्यांच्या घरातली. आठवड्यातून तीनदा एसटीने यायची. माझे वडील एकलहऱ्याच्या वीज केंद्रात नोकरीला, आमचं घर अभ्यासिकेपासून दहा मिनिटांवर. पुण्याच्या एका धोरण-संशोधन संस्थेत एक जागा निघाली. सरकारी योजना माणसांपर्यंत कशा पोचतात, हे तपासायचं काम. लेखी परीक्षेतून आम्ही दोघीही मुलाखतीपर्यंत गेलो. नोकरी दोघींनाही हवी होती, पण तिला तिची गरज जास्त होती.

अभ्यासिकेत बोलायला बंदी, म्हणून तयारी जिन्यात. खालच्या पायरीवर उमेदवार, वरच्या पायरीवर परीक्षक. परीक्षक कोण, हे सांगायला नकोच. एकदा मी आवाज जड करून विचारलं, "एखादी योजना प्रत्यक्षात कुठे फसते? उदाहरण द्या."

"आमच्याच घरी फसली," ती म्हणाली आणि हसत सांगायला लागली. अब्बांची नजर अधू झाल्यापासून माग अम्मीच चालवायची. विणकरांच्या ओळखपत्रासाठी साहेब आले, तेव्हाही तीच मागावर होती. विणकर कोण, असं विचारल्यावर सगळ्यांनी सवयीने अब्बांचं नाव सांगितलं. साहेब अम्मीला म्हणाले, "उठा जरा ताई, फोटो काढायचाय." अम्मी उठली, अब्बा बसले, फोटो निघाला. साहेब गेले, अब्बा उठले, अम्मी परत मागावर.

"कार्डावर अब्बा लय भारी दिसतात," ती म्हणाली.

यावर मी शहाणीने काय म्हणावं? "अगं बाई, तू मुलाखतीला चाललीस की माहेरपणाला? घरचं सांगायचं नाही. रडगाणं वाटतं ते. त्यांना आकडे लागतात, अहवाल लागतात." तिने मान डोलावली, वहीत लिहूनही घेतलं. मला तेव्हा खरंच तसं वाटत होतं. माझ्या बाजूने सांगण्यासारखं एवढंच आहे.

मुलाखत ऑनलाइन होती. येवल्यात तिच्याकडे नेट धड चालायचं नाही, म्हणून ती माझ्या खोलीत येऊन बसली. तिची अकराला, माझी चारला. मी दाराबाहेर कान लावून उभी. नेमका तोच प्रश्न आला, आणि तिने एका दमात तीन अहवाल सांगितले. पलीकडून एक बाई म्हणाल्या, "हे आम्ही वाचलंय. तुम्ही स्वतः काही पाहिलंय का?" ती थांबली. बोल गं, मी दाराबाहेर पुटपुटले. तिने चौथा अहवाल सांगितला.

बाहेर येऊन म्हणाली, "तू शिकवलंस तसंच बोलले बघ." आईने तिला जेवू घातलं आणि ती दीडची एसटी धरून गेली.

चार वाजता त्याच खुर्चीत मी. त्याच बाई, तोच प्रश्न. योजना म्हणजे माझ्यासाठी पेपरातली बातमी. स्वतःचं पाहिलेलं काही नव्हतंच. तोंडातून निघून गेलं, "येवल्यात माझ्या ओळखीचं एक घर आहे..." अम्मी उठली इथपर्यंत आले, तेव्हा बाई लिहायचं थांबून ऐकत होत्या. नोकरी मला लागली.

पेढे मी द्यायचे, तर तीच घेऊन आली. मनापासून खूश होती. मुंबईच्या एका संस्थेतून तिलाही बोलावणं आलं होतं, तसल्याच कामासाठी, आठ दिवसांनी. म्हणाली, "परत घे ना माझी तयारी. त्या प्रश्नाला तू काय सांगितलंस?"

अम्मीचं सांग, एवढंच म्हणायचं होतं. पण मग ती म्हणाली असती, तूच तर नको म्हणालीस. आणि पुढचं सगळं ओकावं लागलं असतं. माझी लाज राखायला मी म्हणाले, "आकडेवारी पक्की होती माझी." कसली हलकट मी! पुढचे आठ दिवस जिन्यात बसवून तिच्याकडून आकडे घोटून घेतले. चुकली की ओरडलेसुद्धा.

मुंबईची जागाही गेली. तिचा फोन आला तेव्हा मी पुण्यात नव्या टेबलाशी बसले होते. आज सांगायचंच, असं ठरवून उचलला. पण बोलायची घाई तिलाच होती.

"रागावू नकोस हं. एवढा जीव आटवलास माझ्यासाठी, मीच कमी पडले. अन् ऐक, अम्मीने घरी बोलवलंय तुला. तुझ्यासाठी ओढणी विणलीय तिने, स्वतःच्या हाताने. ये ना, लय वाट बघतेय ती."

येईन म्हणाले. ती आता येवल्यातच शाळेत शिकवते. कामासाठी मी त्या रस्त्याने कितीदा तरी जाते, पण येवल्याला अजून उतरले नाही.